कटनंतरचे अकरा सेकंद

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी चित्रपट संपला आणि संकलकाने दिवा लावला. चित्रपटाची लांबी शहाऐंशी मिनिटं होती. निर्मात्याने चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. त्याच्या शेजारी, सोफ्याच्या खचलेल्या कोपऱ्यात दिग्दर्शिका बसली होती. ही शहाऐंशी मिनिटं तिने गेल्या दोन महिन्यांत एकतीस वेळा पाहिली होती.

"सुंदर आहे," निर्माता म्हणाला. "एकेक चौकट भिंतीवर लावावी अशी. पण बाई, आत माणूस कुठंय?"

खोलीतला एसी एका बादलीत ठिबकत होता.

"वितरक काल काय म्हणाला सांगू? म्हणाला, म्हाताऱ्याला चावी दिलीय आणि ती संपत आलीय."

"ते चांगले नट आहेत," दिग्दर्शिका म्हणाली.

"चांगले नाहीत, थोर आहेत. म्हणून तर विचारतोय, गेले कुठे?"

निर्माता आवाज चढवणारा नव्हता. उठताना त्याने चहाचा कप स्वतःच उचलून मोरीत ठेवला. मग दारात उभं राहून त्याने काय ठरलं आहे ते सांगितलं. संध्याकाळी सहा वाजता तो परत येईल. तोवर चित्रपटात जीव आला तर तो आहे तसा जाईल. नाही आला तर दुसरा एक दिग्दर्शक नव्या नटांना घेऊन निम्मा चित्रपट नव्याने करेल आणि हिच्या शहाऐंशी मिनिटांतली चाळीस त्यात वापरेल. त्या दिग्दर्शकाचा होकार आला होता.

"तुमचं नाव राहील," तो म्हणाला.

"कशावर?"

"दोघांचंही राहील, बाई." आणि तो गेला.

संकलक पासष्ट वर्षांचा होता. त्याला सगळे मामा म्हणत. दिग्दर्शिकेला तो पंचवीस वर्षं ओळखत होता आणि तिला खोडरबर म्हणायचा, कारण ती जितकं काढायची त्याच्या तिप्पट खोडायची.

"खोडरबर, मी तुला दोन महिने एकच गोष्ट सांगतोय. पालथ्या घड्यावर पाणी. आता घडा सरळ कर आणि ऐक. मला प्रत्येक शॉटच्या शेवटी दोन सेकंद दे. दोन. माणूस दार लावतो, मग दोन सेकंद काहीच करत नाही, तेव्हा तो माणूस दिसतो. तू दार लागलं की कट केलंयस."

"नाहीत, मामा."

"काय नाहीत?"

"जास्तीचे सेकंद नाहीत. मी घेतलेलेच नाहीत."

हे असं का झालं, ते समजायला तिचा धंदा समजायला हवा.

ती बावन्न वर्षांची होती. एकोणिसाव्या वर्षी एका तळघरातल्या ॲनिमेशन स्टुडिओत ती मधली चित्रं काढायला लागली. मुख्य चित्रकार हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र काढायचा. ससा उडी मारायला वाकला, हे पहिलं. ससा खाली आला, हे शेवटचं. त्या दोघांमधला ससा तिने काढायचा. काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर कागदावर कागद ठेवून, एका सेकंदाला बारा चित्रं. अकरा वर्षं तिने हेच केलं. दात घासणारं अस्वल, नाचणारे साबण, रुसलेली किटली. पुढची दहा वर्षं ती स्वतः मुख्य चित्रकार होती. तिथल्या जुन्या प्रमुखाचा नियम होता: आधी स्टॉपवॉच, मग पेन्सिल. आरशासमोर उभं राहून हालचाल स्वतः करायची, वेळ मोजायची, आणि मग तेवढीच चित्रं. एकही जास्त नाही. कोणी तेरावं चित्र काढलं तर प्रमुख ते सगळ्यांना उंच धरून दाखवी आणि म्हणे, "याला कुणाचं तरी मनगट लागलंय." तो स्वतः उजव्या मनगटाला पट्टा बांधून हिंडायचा. तिशीनंतर तसाच पट्टा हिच्याही हातावर आला.

पुढे तिने तीन लघुपट केले. तिसरा नऊ मिनिटांचा होता, बटणं शिवणाऱ्या एका बाईचा. तो चौदा देशांत दाखवला गेला. तो पाहूनच निर्मात्याचा फोन आला होता: खरी माणसं घेऊन कराल का? तिने हो म्हणायला तीन दिवस घेतले. नवरा त्याच स्टुडिओत मागची दृश्यं रंगवायचा. तो म्हणाला होता, "खरी माणसं खोडता येत नाहीत, एवढं लक्षात ठेव."

गोष्ट साधी होती. बायको गेल्यावर एक म्हातारा चार दिवसांत घर रिकामं करतो, कुलूप लावतो आणि जिन्यात उभा राहतो. तिने त्याची अकराशे चाळीस चित्रं आधी काढली. प्रत्येक शॉटची लांबी सेकंदांत आणि फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागात, लिहिली. चोवीस दिवस चित्रीकरण चाललं आणि चोवीस दिवस तिच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं. चित्राखाली लिहिलेली वेळ झाली की ती "कट" म्हणायची. चारशे बारा शॉटांना तिने हेच केलं. चित्रपटवाले नेहमी थोडं पुढचं, थोडं मागचं घेऊन ठेवतात, कारण संकलनाच्या टेबलावर काय लागेल ते कोणालाच आधी कळत नाही. तिला ती उधळमाधळ वाटायची. तिच्या आयुष्यात न लागणारं चित्र कागदावर कधी राहिलंच नव्हतं.

आता पुन्हा चित्रीकरण शक्य नव्हतं. ज्यांनी म्हाताऱ्याचं काम केलं होतं, त्या नटांना सगळे आप्पा म्हणत. त्र्याहत्तर वर्षांचे, पन्नास वर्षं रंगभूमीवर. चित्रीकरण संपल्यावर सहा आठवड्यांनी त्यांच्या मुलीने फोन करून सांगितलं होतं की आप्पांना विसरण्याचा आजार आहे, डॉक्टरांच्या मते वर्षभरापासून असावा, आणि आता ते काम करणार नाहीत.

सव्वादहाला मामाने कॅमेरामनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"लांब्या, खरं सांग. खोडरबरने कट म्हटल्यावर तू कॅमेरा बंद करायचास का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"ती आहे का तिथे?"

"आहे," दिग्दर्शिका म्हणाली.

"मग तिलाच विचारा. नवव्या दिवशी पन्नास माणसांसमोर तिने माझी काय शोभा केली ते तिला आठवत असेल."

तिला आठवत होतं. नवव्या दिवशी तिच्या लक्षात आलं होतं की "कट" म्हटल्यावरही कॅमेऱ्यावरचा लाल दिवा जळत राहतो. कट म्हणजे कट, ती ओरडली होती. रोजचं चित्रण उतरवून घेणाऱ्यांनाही तिने सांगितलं होतं की कटच्या पुढचं काही ठेवायचं नाही, सगळं छाटून टाका. कॅमेरामन फक्त "बरं" म्हणाला होता. दुसऱ्या दिवसापासून लाल दिवा विझला.

"दिवा विझला नव्हता," तो आता म्हणाला. "मी त्याच्यावर काळी टेप लावली होती."

मामा हसायला लागला आणि हसता हसता त्याला खोकला आला.

"सव्वीस वर्षं मी कट ऐकल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबतो. हाताला वळण आहे. न छाटलेलं सगळं माझ्याकडे आहे, कपाटात, स्वेटरांखाली. पण आणून देणार नाही. आधी तिने बोलावं."

दिग्दर्शिका फोनजवळ वाकली. "चुकले," ती म्हणाली. "ये."

"एवढंच?"

"बाकीचं आल्यावर. वेळ नाही, लांब्या."

तो पावणेबाराला आला, डिस्क टॉवेलात गुंडाळून. दारात वाकून आत शिरला आणि म्हणाला, "बाकीचं राहू दे. चेहऱ्यावरून कळलं."

उतरवून घ्यायला एक वाजला. मग तिघं बघत बसले. तीनशे ऐंशीच्या वर शॉटांना शेपूट होतं, कुठे सहा सेकंदांचं, कुठे वीस. चित्रात म्हातारा पेटी उचलून ताठ उभा राही. कटनंतर पेटी खाली ठेवी, कंबरेवर हात ठेवी, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटे. चित्रात तो खिडकी बंद करी. कटनंतर काचेवर बोटाने रेघ ओढून बोट बघे. मामा त्यातले हवे ते तुकडे जागेवर बसवत गेला. त्याचा हात भरभर चालत होता. दीडच्या सुमाराला नवऱ्याचा फोन आला.

"जेवलीस?"

"हो."

"काय?"

तिला पटकन काही सुचलं नाही.

"खोटं बोलायलाही तुला आधी चित्र काढावं लागतं," तो म्हणाला. "काहीतरी खा."

दोन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा शॉट आला. म्हातारा कुलूप लावतो, किल्ली मुठीत घेतो, जिन्यात वळतो. चार सेकंद सहा फ्रेम. कट.

मग अकरा सेकंद. आप्पा जिन्यातच उभे आहेत. त्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. ते एका दाराकडे बघतात, मग दुसऱ्या. किल्लीकडे बघतात. मग कॅमेऱ्याच्या डावीकडे कुणाकडे तरी वळून अगदी हळू विचारतात, "आपलं कुठलं?"

पडद्याबाहेर पाच-सहा जण हसतात. आप्पांना मोठा विनोदी नट समजत, त्यामुळे हसू यायला वेळ लागत नाही. ते हसू आप्पांपर्यंत पोचतं. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम काहीच नसतं, मग तेही हसतात, जरा उशिरा, ओठांनी. आणि किल्ली पुढे करतात, कोणी घेईल का ते बघत. याच्यावर एका बाईचा आवाज येतो: "चार सेकंद सहा फ्रेम. छान. पुढे चला."

मामाने तुकडा थांबवला. पडद्यावर पुढे केलेला हात राहिला.

"तू कुठे होतीस?" त्याने विचारलं.

"तिथेच. सहा फुटांवर." ती म्हणाली, "घड्याळाकडे बघत होते."

मामाने तो शॉट शेवटी बसवला, तिचा आवाज आणि लोकांचं हसू काढून टाकलं आणि शेवटची दहा मिनिटं सलग लावली. कॅमेरामन भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बसला. जे दोन महिन्यांत जमलं नव्हतं ते समोर होतं. शेवटी पायऱ्यांवर एक माणूस उभा होता आणि त्याला कुठे जायचं ते माहीत नव्हतं.

"सहा वाजता साहेबाला हे दाखव," मामा म्हणाला. "रडत जाईल."

"आप्पांच्या मुलीला विचारायला हवं."

"खोडरबर."

"विचारायला हवं, मामा."

"विचारलंस तर नाही म्हणेल. कुठलीही मुलगी म्हणेल. मग तुझी चाळीस मिनिटं त्या दुसऱ्याच्या पिशवीत."

"आप्पांच्या करारात लिहिलंय," कॅमेरामन म्हणाला. "कॅमेऱ्यासमोरचं सगळं आपलं. मी वाचलाय."

"कॅमेऱ्यावर टेप होती. त्यांना वाटत होतं काम संपलंय."

"टेप मी माझ्यासाठी नव्हती लावली," कॅमेरामन म्हणाला. "तुझ्या भीतीने लावली."

"माहितीये. तुला नाही बोलत." तिने मनगटाचा पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. "मी आजवर जे जे पडद्यावर ठेवलं ते मी काढलेलं होतं, नाहीतर कुणीतरी मला काढून दिलेलं. हे मी त्यांना करायला सांगितलं नव्हतं. आणि त्यांनी मला दिलेलंही नाही."

मामाने खुर्ची फिरवली. "साधुसंत झालीस तू," तो म्हणाला, पण फोन तिच्याकडे सरकवला. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

आप्पांची मुलगी एका औषधांच्या दुकानात काम करायची. चार वाजता ती आली ती कामावरचा पांढरा कोट अंगात तसाच ठेवून, आप्पांना घेऊन, कारण त्यांना घरी एकटं सोडता येत नव्हतं. आप्पांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता, वरचं बटण चुकीच्या काजात. त्यांनी दिग्दर्शिकेकडे नीट बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "आज किती सेकंद?"

मामा आणि कॅमेरामन हसले. दिग्दर्शिकाही हसली आणि तिला ते हसू ओळखीचं वाटलं म्हणून तिने ते आवरलं.

कॅमेरामन आप्पांना बाहेरच्या बाकावर घेऊन बसला. आत मुलीने तो तुकडा एकदा बघितला. पर्स मांडीवर घट्ट धरून बघितला. संपल्यावर पुन्हा लावा असं म्हणाली नाही.

"तुम्हाला त्या दिवशी कळलं नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"इतकी माणसं होती. कुणालाच नाही?"

"सगळे हसले. मी वेळ बघत होते."

मुलीने मान हलवली. तिला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं, पण दुसरं कुठलं असतं तेही तिला सांगता आलं नसतं.

"त्या आठवड्यात मी त्यांना ओरडले होते," ती म्हणाली. "तीनदा किल्ल्या हरवल्या म्हणून. म्हटलं, मुद्दाम करता का? ते म्हणाले, हो गं, मुद्दाम करतो. मला वाटलं, चेष्टा चाललीय. आमच्या घरी त्यांची चेष्टा कुठे संपते ते कधी कळलंच नाही." तिने पडद्याकडे बोट केलं. "हे लोक बघणार? थिएटरात?"

"तुम्ही हो म्हटलंत तर."

"आणि नाही म्हटलं तर?"

दिग्दर्शिकेने सांगितलं. सहा वाजता निर्माता येईल, दुसरा दिग्दर्शक, चाळीस मिनिटं. तिने काही वाढवून सांगितलं नाही आणि काही लपवलंही नाही.

"म्हणजे माझ्यावर ढकलताय."

"हो," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठे ढकलायचं ते मला सुचलं नाही."

मुलगी पहिल्यांदाच जरा हसली. मग म्हणाली, "मी हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही. हे माझं नाही. दुपारची झोप झाली की साडेपाचपर्यंत ते बरे असतात. अजून त्यांना विचारता येतं. त्यांनाच दाखवा."

"त्यांना?" मामा म्हणाला. "पोरी, ते स्वतःला असं बघतील..."

"पन्नास वर्षं ते स्वतःचं काम बघून शिव्या देत आलेत, मामा. हेही त्यांचंच आहे ना? की त्यांचं नाही?"

मामा खुर्चीतून उठला.

मुलीची एक अट होती. खोलीत फक्त ती आणि आप्पा. तिने मामाकडून कुठली कळ दाबायची ते शिकून घेतलं, दोनदा दाबून बघितली. आप्पांना आत आणताना ते दारात थबकले, बादलीकडे बघून म्हणाले, "इथे गळतंय," आणि खुर्चीत जाऊन बसले, पाठ ताठ, प्रयोगाआधी बसावं तसे. मुलीने त्यांचं वरचं बटण सोडून नीट लावलं. मग दार बंद झालं. चार वाजून पंचेचाळीस मिनिटं.

बाहेरचा व्हरांडा अरुंद होता. एका टोकाला पाण्याचं यंत्र, दुसऱ्या टोकाला खिडकी. कॅमेरामनने बिस्किटांचा पुडा आणला. दिग्दर्शिकेने दोन खाल्ली. मामा खिडकीत उभा राहून खालच्या गाड्या बघत होता.

"नाही म्हणाले तर?" कॅमेरामनने विचारलं.

"तर काढून टाकायचं."

"आणि हो म्हणाले, आणि उद्या विसरले?"

ती भिंतीला डोकं टेकून बसली होती. "तेच विचारू नकोस."

दार जाड होतं, पण पूर्ण नाही. आतला तुकडा सुरू झाला की कुलपाचा आवाज बाहेर यायचा. मग पावलं. मग अकरा सेकंद काही नाही, फक्त मधे ते दोन शब्द, आणि शांतता. मग पुन्हा कुलूप. दुसऱ्या खेपेनंतर आतून आप्पांचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. मुलगी काहीतरी म्हणाली. तिसऱ्या खेपेनंतर कोणी हसलं, पण दोघांपैकी कोण ते बाहेरच्या तिघांपैकी एकालाही ओळखता आलं नाही.

पाच वाजून अठरा मिनिटांनी निर्मात्याचा निरोप आला की तो निघाला आहे आणि लवकर पोचेल. दिग्दर्शिकेने तो वाचला आणि फोन उपडा ठेवला.

पाच वाजून बावीस मिनिटांनी आत कुलपाचा आवाज पाचव्यांदा झाला. दार बंद होतं. साडेपाचला आठ मिनिटं उरली होती, पण दिग्दर्शिकेने ते वाजवलं नाही.